गप्पांच्या खोलीतला गडी

मराठी विकिपीडियावरील ‘दारव्हा’ या लेखात कोणी फेरफार केला, अगदी एखादा चुकलेला काना दुरुस्त केला, तरी क्षणार्धात विकिमीडियाच्या सर्व्हरवरील मराठी विकिपीडियासाठी राखलेल्या खोलीत एक ओळ उमटते. लेखाचे शीर्षक, बदल करणाऱ्याचे नाव, किती बाइट वाढले वा घटले आणि बदलाचा सारांश, असा मजकूर. ती लिहिणारा माणूस नसतो. ‘आरसी-पीएमटीपीए’ असे अगम्य नाव घेतलेला तो एक बॉट आहे. नावाचा पहिला भाग ‘रीसेंट चेंजेस’चा, म्हणजे अलीकडील बदलांचा, दुसरा फ्लोरिडातील टॅम्पा येथील यंत्रगृहाचा. यंत्रे तिथून हलली तरी नाव राहिले. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाची दवंडी अशी परमुलखात पिटली जाते.

दवंडीवाल्याशी कोणी हुज्जत घालत नाही. त्या खोलीतही ऐकणाऱ्यांना बोलण्याची मुभा नाही, त्यामुळे तिथे भांडण उद्भवत नाही. प्रश्न सुरू होतो तो माणसे बोलत असलेल्या खोलीत बॉट आणला की. आज व्हॉट्सॲपच्या गटांतही यंत्र बोलू लागले आहे, तेव्हा हा प्रश्न नवा वाटतो. प्रत्यक्षात तो तीस वर्षांहून जुना आहे आणि त्यावरची बरीचशी उत्तरे आयआरसी नावाच्या जुन्या गप्पाव्यवस्थेत सापडतात.

आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट 1988 मध्ये ती सुरू केली. तिच्यातल्या खोल्यांना चॅनेल म्हणतात. चित्र नाही, आवाज नाही. ओळी तेवढ्या पुढे सरकतात. हजर असेल त्याने ऐकावे, नसेल त्याचे हुकले. मूळ व्यवस्थेत आणखी एक खोच होती. चॅनेलमधला शेवटचा माणूस उठून गेला की चॅनेलच नाहीसे होई, आणि पुन्हा पहिल्यांदा येईल त्याच्या हाती त्याच्या किल्ल्या जात. मग दुसऱ्याची बैठक बळकावण्याचे उद्योग सुरू झाले. घरधनी झोपला असताना ओसरीवर बसून राहणारा गडी हवा, या निकडीतून अनेक बॉट जन्मले. रॉबी पॉइंटर यांचा 1993 मधला ‘एगड्रॉप’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला.

बॉट उभारणे फारसे अवघड नाही. कार्यक्रम सर्व्हरला जोडला जातो, आपले टोपणनाव सांगतो, स्वागताची ओळ आली की चॅनेलमध्ये शिरतो. सर्व्हर अधूनमधून ‘पिंग’ अशी हाक मारतो. ‘पाँग’ म्हणून ओ दिली नाही की जोडणी तोडतो. पन्नासेक ओळींच्या पायथनमध्ये हे होते. पण गडी ठेवणे वेगळे आणि तो चारचौघांत नीट वागणे वेगळे.

पहिली अडचण गमतीची आहे. एका बॉटला शिकवले, कोणी ‘नमस्कार’ म्हटले की ‘नमस्कार’ म्हण. त्याच खोलीत दुसऱ्या कोणी तसाच बॉट आणला. आता पहिल्याचा नमस्कार ऐकून दुसरा नमस्कार करतो, तो ऐकून पहिला पुन्हा. माणसांच्या ओळी या वाहत्या सौजन्यात बुडून जातात. यावर तोडगा मे 1993 च्या आरसीएफ नव्हे, आरएफसी 1459 या दस्तऐवजातच आहे (ही आद्याक्षरे भल्याभल्यांची जीभ वळवतात). आयआरसीवर निरोप दोन प्रकारे धाडता येतो: ‘प्रिव्हमसग’ आणि ‘नोटिस’. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण नोटिसला कोणत्याही यंत्राने आपोआप उत्तर द्यायचे नाही, असा दंडक आहे. बॉटने नोटिसनेच बोलावे, म्हणजे साखळी पहिल्याच कडीशी तुटते. माझ्या मते त्या दस्तऐवजातले हे सर्वांत शहाणे कलम आहे. पुष्कळ बॉट ते पाळत नाहीत. मग निदान ठरावीक चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञेलाच उत्तर द्यावे आणि इतर बॉटांच्या ओळी कानाआड कराव्यात.

दुसरी मर्यादा वेगाची. त्याच दस्तऐवजातील हिशेबानुसार प्रत्येक निरोपामागे दोन सेकंदांचा दंड चढतो आणि दंड दहा सेकंदांपुढे गेला की सर्व्हर ऐकणे लांबवतो. म्हणजे पाचेक ओळी सलग, नंतर दोन सेकंदांना एक. जोडणी तुटल्यावर क्षणाक्षणाला दार ठोठावणारा बॉटही हाकलला जातो. दर खेपेला थांबण्याचा अवधी वाढवत नेणे हीच रीत.

मराठी बॉट चालवणाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट सोसावी लागते, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिका तिच्याबद्दल सहसा बोलत नाहीत. आयआरसीची एक ओळ शेवटच्या दोन खुणांसह 512 बाइटांची असते. त्यातच पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि चॅनेलचे नाव बसते. मजकुराला चारशेच्या आगेमागे जागा उरते. रोमन लिपीतले अक्षर एका बाइटात मावते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तही, तीन बाइट खाते. ‘दारव्हा’ रोमनमध्ये सहा बाइटांत लिहून होते. देवनागरीत द, काना, र, व, हलन्त, ह, काना अशी सात चिन्हे, म्हणजे 21 बाइट. इंग्रजी बॉट चारशे अक्षरे बोलतो तिथे मराठी बॉटची ओळ एकशे तीस-चाळीस चिन्हांत संपते. बेफिकीर कार्यक्रम ती बाइट मोजून कापतो. काप तीन बाइटांच्या मधोमध पडला तर अक्षराऐवजी चौकोनातले प्रश्नचिन्ह दिसते, आणि हलन्तावर पडला तर ‘दारव्’ इतकेच उरते. म्हणून मराठी मजकूर शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरच तोडावा. गावाचे नाव अर्धे छापणारा गडी कोणी ठेवू नये.

हुकूम कोणाचा मानायचा, हेही आधीच ठरवावे लागते. टोपणनावावर विसंबू नये. धनी बाहेर पडताच ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. नोंदणीकृत खाते तपासावे. बाहेरून आणलेला मजकूर, समजा एखाद्या पानाचे शीर्षक, खोलीत मांडण्यापूर्वी त्यातली नव्या ओळीची खूण काढून टाकावी. नाहीतर परका माणूस त्या खुणेपुढे आज्ञा लिहून बॉटच्या तोंडून सर्व्हरला हुकूम देऊ शकतो.

चांगल्या गड्याचा नमुना पाहायचा तर दुर्गापूरच्या ‘डीजीप्लग’ या गटाचा घ्यावा. 2008 पासून हा गट आयआरसीवर मुक्त सॉफ्टवेअरचे उन्हाळी वर्ग घेत आला. त्यामागचे कुशल दास यांनी बरीच वर्षे पुण्यातून काम केले. नुसत्या ओळींच्या वर्गाला फारसा डेटा लागत नाही, हे तालुक्याच्या गावी मंद जोडणीवर बसलेल्या मुलाला कोणी समजावून सांगायला नको. वर्गात शंका असली की विद्यार्थी उद्गारचिन्ह टंकतो आणि थांबतो. बॉट त्याचे नाव रांगेत लावतो. शिकवणारा ‘नेक्स्ट’ म्हणाला की रांगेतल्या पुढच्याला हाक मारतो. शिकवत मात्र काही नाही. कोणाची शंका फुटकळ, कोणाची मोलाची, हेही तो ठरवत नाही. धीट मुलगा आणि बुजरा मुलगा त्याच्या लेखी सारखेच.

या वर्गांच्या नोंदी जाहीर ठेवल्या जात आणि विद्यार्थ्यांना ते ठाऊक असे. येथेच सर्वांत नाजूक मुद्दा येतो. आयआरसीवर बोलणे वाऱ्यावर जाते या भरवशावर माणसे मोकळी होतात. कोपऱ्यात बसलेला बॉट मात्र निमूटपणे सगळे लिहून घेऊ शकतो. नोंदी सतत प्रसिद्ध होत असतील तर तसे चॅनेलच्या शीर्षओळीत लिहावे, असा फ्रीनोडचा संकेत होता. ‘मीटबॉट’ याहून पुढे गेला. सभा सुरू करण्याची आज्ञा मिळाल्यावरच तो इतिवृत्त लिहू लागतो आणि समाप्तीची आज्ञा मिळताच लेखणी खाली ठेवतो. आधीच्या आणि नंतरच्या गप्पा त्या इतिवृत्तात येत नाहीत. ग्रामसभेच्या इतिवृत्तात पारावरच्या गप्पा येत नाहीत, तसेच हे.

मे 2021 मध्ये मालकीच्या वादातून फ्रीनोडचे स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट उभारले आणि विकिमीडिया, फेडोरा यांसारखे मोठे प्रकल्प तिकडे गेले. माणसे बिऱ्हाड हलवतात. बॉटला नवा पत्ता, नवे खाते, नवा परवलीचा शब्द कोणीतरी द्यावा लागतो. म्हणूनच ‘मदत’ अशी आज्ञा दिल्यावर बॉटने आपल्या धन्याचे टोपणनाव सांगावे, चॅनेल चालवणाऱ्या दोघा-तिघांकडे त्याला गप्प करण्याची आज्ञा असावी आणि धनी बरेच दिवस फिरकला नाही तर त्यांनी ती बिनदिक्कत वापरावी.