तांदळातले खडे आणि पाच तारे

‘विश्वास गेला पानिपतात’ असं आपण गमतीने म्हणतो आणि लगेच मोबाइलवर, ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा विक्रेत्याला पैसे पाठवून मोकळे होतो. हा धीर येतो कुठून? त्याच्या नावाखालच्या ताऱ्यांमधून. ते तारे कितपत खरं बोलतात, याचा शोध अर्थशास्त्रज्ञ वीस-पंचवीस वर्षांपासून घेत आहेत.

गोष्टीचं मूळ इंटरनेटच्या आधीचं आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहून गेले. १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात आपल्याकडचे तांदूळही आले: त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले आणि गृहिणी ते निवडत बसलेली. मुद्दा सरळ होता. माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलाच भाव देतो. चांगला माल विकणाऱ्याला तो परवडत नाही, तो बाजारातून उठतो आणि मागे उरतात खडेवाले. हा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. याच कामासाठी २००१ मध्ये अकरलॉफ यांना नोबेल मिळालं.

तांदूळ निदान ताटात पसरून बघता येतात. १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी सुरू केलेल्या ईबेवर तेवढीही सोय नव्हती. म्हणून तिथे व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांना जाहीर शेरा द्यायचा, अशी पद्धत पडली. पण शेऱ्याला बाजारात किंमत असते का? पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी सहकाऱ्यांसोबत याची परीक्षा घेतली. जुनी पोस्टकार्डं विकणारा, ईबेवर चांगलं नाव कमावलेला एक विक्रेता त्यांनी सोबत घेतला. एकसारख्या पोस्टकार्डांच्या जोड्या लावल्या. जोडीतलं एक त्याच्या नावावर, दुसरं कोऱ्या खात्यावर. माल तोच, पाठवणाराही तोच, फरक फक्त पाटीवरच्या नावाचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की जुन्या नावासाठी ग्राहक सरासरी ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होते. आपल्याकडे व्यापारी ज्याला ‘पत’ म्हणतात, तिचा हा भाव.

मात्र पतीचा हिशेब ठेवणारी वहीच खोटी असेल तर? सुरुवातीच्या ईबेवर ग्राहकांच्या शंभर शेऱ्यांत एकही वाईट सापडणं कठीण होतं. सगळेच विक्रेते सज्जन होते असं नाही. ग्राहक भीत होते. वाईट शेरा दिला की विक्रेता उलट तसाच शेरा देऊन हिशेब चुकता करायचा. बोल्टन, ग्राइनर आणि ओकेनफेल्स या संशोधकांनी ही परतफेड आकड्यांतून दाखवली. अखेर २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकांना वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला.

तक्रार करण्यापेक्षा गप्प बसणारे मात्र राहिलेच. ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी नेमकं या मौनावर बोट ठेवलं. आलेल्या शेऱ्यांपैकी चांगले किती, हे न मोजता त्यांनी एकूण व्यवहारांपैकी किती जणांनी चांगला शेरा दिला ते मोजलं. दोन विक्रेत्यांची पाटी शंभर टक्के चांगली. पण एकाच्या शंभर गिऱ्हाइकांतले ऐंशी बोलले, दुसऱ्याचे चाळीसच. पहिला बरा! या मापाने वरचे ठरलेले विक्रेते शोधयादीत वर आणल्यावर ग्राहक पुन्हा खरेदीला येण्याचं प्रमाण वाढलं.

म्हणजे ताऱ्यांचा खरेपणा केवळ माणसांच्या सचोटीवर अवलंबून नसतो. कोण कोणाला, कोणत्या भीतीने किंवा भिडेने शेरा देतो, याचे नियम तो ठरवतात. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं आहे. पण नियम काहीही असोत, आपण गप्प राहिलो तर वही कोरीच राहणार. पुढच्या वेळी पार्सलमध्ये खडा निघाला, तर तो नुसता बाजूला काढून टाकू नका. दोन ओळी लिहा. तुमच्यानंतर येणाऱ्याचे तांदूळ त्याने निवडले जातील.