दहातला एक ठेवताना

ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, हे पोफळी गावात कुणाला सांगावं लागत नाही. विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात, प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ती घूंऽऽ सेकंदाला १०० कंपनांची. कुंभार्ली घाटाखाली डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजगृहातून १९६२ साली कोयनेची वीज निघू लागली, तेव्हापासून हा सूर इथल्या हवेत आहे. आणि याच डोंगरापलीकडे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे जमीन हादरली. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पुढं भूकंप थांबले नाहीत, आणि जमिनीला कान लावून बसलेली यंत्रंही वाढत गेली.

जिथं विजेचा गुंजारव आहे तिथंच भूकंप ऐकायचा, ही अडचण यंत्रातली एक चिप सोडवते. तिच्या कामाला डेसिमेशन म्हणतात. रोमन फौजेत शिक्षा म्हणून दर दहावा सैनिक मारत, त्यावरून हा शब्द आला. चिपमध्ये मात्र उलटं चालतं. दहातला, शंभरातला, कधी हजारातला एकच आकडा ठेवायचा, बाकी सोडून द्यायचे.

असे सोडले तर बिघडतं काय, हे खाडीकाठच्या माणसाला लवकर कळेल. दाभोळच्या धक्क्यावर रोज सकाळी सहाला, आणि फक्त सहालाच, पाण्याची पातळी लिहून ठेवा. भरती रोज पाऊण तासाच्या वर उशिरा येते (तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब त्यावरच उभा आहे). महिन्याभरानं वही पाहिली तर वाटेल, खाडीचं पाणी पंधरा दिवसांत एकदाच चढतं आणि उतरतं. एकही नोंद चुकीची नाही, तरी वही खोटं सांगते, कारण बारा-साडेबारा तासांच्या हेलकाव्याकडे आपण चोवीस तासांनी एकदाच पाहिलं. एका हेलकाव्यात निदान दोनदा तरी बघायला हवं.

आता हेच पोफळीला आणा. भूकंपमापक साधारणपणे सेकंदाला १०० नोंदी ठेवतो. विजेची वारंवारता क्वचितच नेमकी ५० असते. ती ४९.९५ झाली की गुंजारव ९९.९ कंपनांचा होतो. केबलमधून किंवा जमिनीतून तो यंत्रात शिरला आणि कुणी अडवलाच नाही, तर सेकंदाला १०० नोंदींच्या वहीत तो दहा सेकंदांच्या संथ लाटेसारखा उमटेल. दूरदेशीच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरीही दहा-वीस सेकंदांच्याच असतात. एकदा ही लाट कागदावर आली की ती खरी की विजेची, हे आकड्यांवरून ओळखायला काही मार्ग उरत नाही. म्हणून गाळायचं ते आकडे टाकून देण्याआधी. नंतर गाळून उपयोग नाही.

टाकायला इतके आकडे येतात कुठून? चिप सुरुवात फार घाईनं करते. सेकंदाला लाखो वेळा ती येणाऱ्या संकेताकडे बघते, पण दर वेळी उत्तर एवढंच देते: हो किंवा नाही. चूक राहते ती पुढच्या खेपेत मिळवते. दुकानात रोज सात रुपयांचा माल घ्यायचा आणि खिशात फक्त दहाच्या नोटा, असं समजा. एखाद्या दिवशी नोट द्यायची, एखाद्या दिवशी काहीच नाही, बाकी वहीत पुढं ओढायची. दहा दिवसांत सात नोटा जातात आणि सरासरी चोख सात रुपये निघते. ही डेल्टा-सिग्मा पद्धत जपानमध्ये इनोसे आणि यासुदा यांनी मांडली तीही १९६२ सालीच. त्या उधारीचा गोंगाट वरच्या वारंवारतांमध्ये ढकलला जातो, आणि डेसिमेशनचा फिल्टर तो तिथं कापतो. युजीन होगेनॉअर या अभियंत्यानं १९८१ साली दाखवलं, की पहिल्या टप्प्यात गुणाकाराची गरजच नाही, बेरीज-वजाबाकीवर भागतं. सिलिकॉनवर गुणाकाराला जागा आणि वीज दोन्ही जास्त लागतात, त्यामुळे ही युक्ती आजही चालते. मला ती या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पुढच्या टप्प्यात धारदार फिल्टर लागतो आणि खरी कसोटी तिथं आहे. तो प्रत्येक आकडा मागच्या आणि पुढच्याही नोंदी तोलून काढतो. त्यामुळे भूकंपाची पहिली लाट अचानक, जोरात आली, तर ती यायच्या आधीच रेघेवर बारीक थरथर उमटते. जमीन अजून हललेली नसते, हलते ती रेघ. जर्मन भूकंपशास्त्रज्ञ फ्रँक शेरबाउम यांनी १९९०च्या दशकात बजावलं होतं, की ही थरथर भूकंपाची खरी सुरुवात समजली जाऊ शकते.

कोयनेत हे फार महत्त्वाचं आहे. इथले भूकंप सुमारे तीस बाय वीस किलोमीटरच्या टापूत होतात. म्हणूनच कराडच्या संशोधन केंद्रानं गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर घेतलं, आणि त्यामागचा प्रश्न हाच, की भूकंपाआधी खडकात काही बदलतं का. आधीची खूण शोधणाऱ्याला यंत्रानंच खोटी खूण द्यावी, याहून वाईट काय? पहिली लाट खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर धावते. वेळ पाच नोंदींनी चुकली तर अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो.

उपाय आहेत. फिल्टर असा निवडता येतो, की थरथर लाटेच्या आधी न येता मागं जाते. मात्र लाटेचा आकार थोडा बदलतो. किंवा नंतर गणितानं थरथर काढता येते, पण त्यासाठी फिल्टरचे गुणक, म्हणजे नोंदी तोलायची वजनं, माहीत हवेत. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ते गुणक जपून ठेवलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. १९६७च्या त्या पहाटे कोयना धरणाच्या गॅलरीतल्या यंत्रानं प्रकाशाच्या ठिपक्यानं फोटोच्या कागदावर रेघ ओढली. ती रेघ जगभरचे धरण-अभियंते अजून वापरतात, कारण ते यंत्र कसं होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं.