पोलादाचा ताण सांगणारी पट्टी

9 जुलै 2025 रोजी वडोदरा जिल्ह्याच्या पादरा तालुक्यात महिसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि अनेकांचे जीव गेले. पूल 1985 सालचा. अशा जुन्या पुलांवर भार किती येतो, हे मोजण्याचे एक स्वस्त आणि विश्वासार्ह साधन म्हणजे स्ट्रेन गेज.

पातळ पापुद्र्यावर धातूची नागमोडी जाळी, एवढीच तिची रचना. ती पोलादाला चिकटवली की पोलादाबरोबर ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. ताणलेल्या तारेचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी 1856 मध्ये दाखवले. 1938 मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूग यांनी स्वतंत्रपणे त्यावरून गेज घडवली.

बदल मात्र अगदी सूक्ष्म. पोलाद मीटरमागे एक मिलिमीटर ताणले गेले, तर 350 ओहमच्या गेजचा रोध जेमतेम 0.7 ओहमने वाढतो. म्हणून चिकटवण्यातली हयगय थेट आकड्यात उतरते. आधी रंग-गंज काढून तेलकटपणा पुसायचा, पॉलिश कागदाने घासायचे, मग कापड एकाच दिशेने फिरवायचे. मागेपुढे पुसले तर काढलेली घाण पुन्हा पसरते. त्यानंतर जागेला बोट लावायचे नाही.

भार नसताना शून्य सरकत असेल, तर आधी ओलावा तपासावा. गेज आणि पोलाद यांच्यातला रोध हजार मेगाओहमच्या खाली गेला, तर संशय घ्यावा; हे मोजताना व्होल्टेज कमीच ठेवावे. चिकटलेपणा तपासण्यासाठी पेन्सिलच्या रबराने गेज हलकेच दाबावी. हात काढल्यावर आकडा पूर्वपदावर आला नाही, तर खाली पोकळी आहे.

दुसरा चोर म्हणजे ऊन. 120 ओहमच्या गेजला दोन तारा जोडल्या आणि त्यांचा मिळून रोध 1 ओहम असला, तर वडोदऱ्याच्या उन्हात तांब्याचे तापमान 10 अंशांनी चढताच सुमारे 160 मायक्रोस्ट्रेनचा, म्हणजे लांबीच्या 160 दशलक्षांशांचा, खोटा ताण दिसतो. पोलादात तो 30 मेगापास्कलहून जास्त. तीन तारांची जोडणी ही चूक जवळजवळ पुसून टाकते.

गेजला समांतर ज्ञात रोध जोडून केलेल्या शंट कॅलिब्रेशनने विद्युतजोडणीची खात्री होते, चिकटलेपणाची नाही. म्हणून पुलाच्या अहवालात ताणाच्या आकड्यासोबत गेज कशी बसवली आणि कशी तपासली, याचीही नोंद सक्तीची हवी. त्या नोंदीशिवाय आलेल्या आकड्यावर कोणाचाही जीव सोपवू नये.