पावतीवर नसलेली नावे

आम्ही ज्या वस्तीत लहानाचे मोठे झालो, त्या वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी आता चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु चाळीबरोबर तिच्या आठवणीही जमीनदोस्त होऊ नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली हे खाते स्थापन झाले. कामगारांच्या निवाऱ्यासाठी त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंस समोरासमोर दारे आणि मजल्यावर सामाईक संडास.

एवढ्याशा खोलीत दहा-बारा माणसे कशी राहत असत, असे आमची मुले विचारतात. याचे उत्तर गिरणीच्या पाळ्यांत आहे. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येई, तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असे. त्याच वळकटीवर हा अंग टाकी. गावाहून नोकरीसाठी आलेला चुलता, मामा, भावकीतला एखादा पोरगा, सर्वांचा आसरा तीच खोली. आमच्या आया पहाटे उठून पाणी भरत व इतक्या जणांच्या भाकऱ्या थापत. आम्ही अभ्यास केला तो पॅसेजच्या दिव्याखाली. बुद्धवंदनेची सतरंजीही तिथेच अंथरली जाई.

या वस्तीने संघर्षही पाहिला. ५ जानेवारी १९७४ रोजी येथे दलित पँथरची सभा झाली आणि त्यानंतर दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि घराघरांतील पगार थांबला. तेव्हा ज्याच्या घरी चूल पेटली, त्याने शेजारच्या पोरांना उपाशी झोपू दिले नाही.

आज पुनर्विकासात पात्रता ठरते ती कागदपत्रांवर. भाड्याच्या पावतीवर एकच नाव असे, आणि ते बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे. भाकऱ्या थापणारी आई, वळकटीपुरती जागा घेऊन आयुष्यभर गावी मनिऑर्डर करणारा चुलता, यांची नावे कोणत्याही पावतीवर नाहीत. सरकारी दप्तरात एक भाडेकरू राहिला. खोलीत मात्र तीन पिढ्या राहिल्या.

म्हणून सर्व बांधवांना व भगिनींना आमची नम्र विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. चाळीचा क्रमांक, खोलीचा क्रमांक, तेथे कोण राहिले, कोणत्या गावाहून आले, कोणत्या खात्यात राबले, हे तिच्यात लिहावे. आईचे व आजीचे नाव सर्वांत वर लिहावे. जाणती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. नव्या घराच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावताना, ज्यांच्या कष्टाने तेथवर पोहोचलो त्यांची नावे आपल्या घरात तरी लिहिलेली असावीत.

जयभीम!