ट्रॅक्टरला मागे औजार जोडताना

ट्रॅक्टर पुढे चालतो, पण त्याचे खरे काम मागे असते. मागे नांगर, फण, रोटाव्हेटर नाहीतर ट्रॉली लावतात. आता गावात लहान ट्रॅक्टरही आले आहेत. लहान आहे, त्याने काय होतंय, असे माणसे म्हणतात. पण तो वजनाला हलका असतो, म्हणून त्याचे तोंड लवकर उचलते.

मागे तीन दांडे असतात. खाली दोन आणि वर मधोमध एक. वरच्याला टॉप लिंक म्हणतात. ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी काढली. त्यांनी १९२६ साली तिचे पेटंट घेतले.

औजार जोडायला ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्यावा. तेव्हा मध्ये कोणी उभे राहू नये. मग ब्रेक लावून इंजिन बंद करावे. आधी खालचे दोन दांडे लावावेत, नंतर वरचा. पिनीला तिची क्लिपच घालावी, तार किंवा खिळा घालू नये. उचललेल्या औजाराखाली हातपाय घालू नयेत. ते तेलाच्या दाबावर उभे असते, दाब गेला की धाडकन खाली येते.

रोटाव्हेटर फिरवणाऱ्या दांड्याला पीटीओ शाफ्ट म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. ५४० भागिले ६० केले की ९ येतात. म्हणजे एका सेकंदात ९ फेरे! आपण "अगं बाई" म्हणेपर्यंत पदर गुंडाळला जातो. म्हणून शाफ्टवर झाकण पाहिजेच. फिरता शाफ्ट ओलांडू नये. गवत अडकले तर आधी इंजिन बंद करावे, मगच काढावे.

आता साखळीचे सांगतो. माझे मामा मुंबईला रे रोडला असतात. तिथे दारुखान्यात लोखंडाची आणि जाड साखळ्यांची दुकाने आहेत. मामा म्हणतात, साखळी मजबूत असून भागत नाही, ती बांधली कुठे हे बघायचे. ओंडका किंवा रुतलेली ट्रॉली ओढायची असेल तर साखळी खालच्या हुकालाच बांधावी. टॉप लिंकच्या जागी बांधली तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. चालवणारा खाली सापडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

हे खुर्चीवर करून बघा. रिकामी खुर्ची पाठीला वरून धरून मागे ओढली तर पडते. खाली पायाजवळ धरून ओढली तर नुसती सरकते. ट्रॅक्टरचेही तसेच आहे.

ओढताना साखळीजवळ थांबू नये. तुटली तर चाबकासारखी येते.

मित्रांनो, आपल्याला मडगार्डवर बसायला फार आवडते. पण तिथून पडले की खाली मोठे चाक आणि मागे औजार असते. म्हणून वडील नको म्हणाले तर रडू नये. आणि आपण रडलो तरी वडिलांनी हो म्हणू नये.

– इयत्ता चौथी