शुगर आहे म्हणून किडनी बिघडली, असं दरवेळी नसतं!



गटात कुणाला शुगर असेल आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, की आपण लगेच म्हणतो, "शुगरनंच किडनी खाल्ली." बऱ्याचदा ते खरं असतं. पण शुगर असलेल्या बाईला किडनीचा दुसरा आजारही होऊ शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

ओळखायचं कसं? शुगरमुळे किडनी हळूहळू, बऱ्याच वर्षांत बिघडते. अनेकदा डोळ्यांच्या पडद्यावरही परिणाम दिसतो. पण शुगर नुकतीच निघालीय, डोळे ठीक आहेत, तरी अचानक अंगावर सूज आली, लघवीला खूप फेस आला किंवा लघवीतून रक्त गेलं, तर डॉक्टरांना दुसरी शंका येते.

इथं रक्ततपासणी कामी येते. 'मेम्ब्रेनस' नावाच्या आजारात आपलंच शरीर किडनीच्या चाळणीवर हल्ला करणारी प्रथिनं बनवतं. ती शोधणाऱ्या तपासणीचं नाव 'अँटी-पीएलएटूआर'. ती पॉझिटिव्ह आली, तर हा आजार असण्याची दाट शक्यता. निगेटिव्ह आली तरी आजार नाहीच असं नाही. मग किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. ही तपासणी सगळ्यांना लागत नाही, डॉक्टरांनी सांगितली तरच करायची.

आपण काय करायचं?
• शुगर असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि डोळे तपासून घ्या.
• जुने रिपोर्ट टाकू नका. शुगर कधी निघाली, सूज कधी आली, ते तारखेसह लिहून ठेवा.
• डॉक्टरांना विचारा, "हे शुगरमुळेच आहे का?"

विचारायला लाजू नका, ताई. कारण कळलं तरच औषध बरोबर मिळतं.