आई परत येते तेव्हा

डोंबिवलीत एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात हे पाळणाघर चालतं. संध्याकाळी साडेसहा ते आठ ही इथली गर्दीची वेळ. जशी लोकल मिळेल तसे आईबाबा येतात, दाराशी चपला काढतात आणि खांद्यावरची बॅग न उतरवताच आत डोकावतात. सकाळच्या रडारडीची चर्चा घरोघरी होते, संध्याकाळची कुणी करत नाही. मी मात्र संध्याकाळीच येऊन बसते. बाळाचा लळा कसा आहे, हे निरोपापेक्षा भेटीत जास्त कळतं.

कडी वाजली. अकरा महिन्यांच्या एका मुलीने हातातली स्टीलची वाटी टाकली आणि मान वळवली. आई दिसताच तिने ओठ काढला, भोकाड पसरलं आणि रांगत थेट आईचे पाय गाठले. आईने कडेवर घेतलं तशी मान खांद्यावर टेकली, मुठीत मंगळसूत्र आलं. थोडे हुंदके, मग अंग सैल पडलं. जरा वेळाने तिने डोकं वर केलं, जमिनीवरच्या वाटीकडे बोट दाखवलं आणि खाली उतरवायला लावलं. पुन्हा खेळ सुरू. "दिवसभर रडली का हो?" आईने घाबरून विचारलं. "छे, मजेत होती. तुम्हाला बघून रडू आलं," ताई म्हणाल्या.

त्याच खोलीत वर्षाचा एक मुलगा डब्यांची झाकणं एकात एक बसवत होता. बाबांनी हाक मारली. त्याने क्षणभर पाहिलं आणि पुन्हा झाकणांत डोकं घातलं. बाबांनी उचललं तरी तो त्यांच्या अंगाशी आला नाही, हात झाकणाकडेच. "किती शहाणं बाळ, काही त्रासच नाही," शेजारी उभी असलेली एक आजी म्हणाली.

हा शहाणपणा आहे की आणखी काही, हा प्रश्न मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार चिकाटीने धरून ठेवला. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या गावांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं बघत होत्या. पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्यांनी २६ कुटुंबं निवडली. बाळ तीन आठवड्यांचं झाल्यापासून वर्षाचं होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी त्या घरी चार-चार तास बसून नोंदी घेतल्या गेल्या. शेवटी बाळाला आईसोबत एका अनोळखी खोलीत आणलं जाई. खेळणी, एक परकी बाई, आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. सगळा प्रकार वीसेक मिनिटांचा. बघायचं ते मुख्यतः एवढंच, की आई परत आल्यावर बाळ काय करतं.

बहुतेक बाळं त्या वाटीवाल्या मुलीसारखी वागली. जवळ आली, शांत झाली, खेळाकडे वळली. हा सुरक्षित लळा. काही बाळांनी आईकडे पाठ फिरवली. काहींनी कडेवर घ्यायला लावलं आणि घेतल्यावर लाथा झाडल्या, शांत होईनात. पुढे १९८६ मध्ये मेरी मेन आणि जुडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार नोंदवला. ही बाळं आईकडे येता येता मध्येच थिजतात किंवा मान फिरवून येतात. जिच्याकडे धाव घ्यायची तिचीच भीतीही वाटते, अशी त्यांची कोंडी असू शकते.

पाठ फिरवणाऱ्या बाळांविषयी मला सर्वात जास्त वाटतं, कारण त्यांचं कौतुक होतं. ॲलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की वरून निवांत खेळणाऱ्या या बाळांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात. त्रास होतो, पण तो ते दाखवत नाहीत. बाल्टिमोरच्या नोंदींत यांच्या आया बाळाला अंगाशी घ्यायला कचरणाऱ्या निघाल्या. लाथा झाडणाऱ्यांच्या आया कधी धावून जात, कधी नाही. बाळाला भरवसा धरता येत नसे.

आणखी एक निष्कर्ष आपल्या घरांत सांगायलाच हवा. पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच ओ मिळाली, ती बाळं वर्षअखेरीस कमी रडत होती. "सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल," हा सल्ला बाळंतिणीला अजूनही मिळतो. त्याला या नोंदींचा आधार नाही.

म्हणून झाकणांत रमलेल्या त्या मुलाला मी शिक्का मारणार आहे का? मुळीच नाही. एका संध्याकाळी बाळ दमलेलं असतं, भुकेलेलं असतं. रोज पाळणाघरात येणाऱ्याला निरोपाची सवयही झालेली असते. देशोदेशी चित्र बदलतं. जर्मनीत बीलेफेल्डच्या अभ्यासात जवळपास निम्मी बाळं पाठ फिरवणारी निघाली, तर जपानमध्ये साप्पोरोला तशी एकही नव्हती. तिथे आईपासून क्वचितच दूर राहणारी बाळं त्या खोलीत फार घाबरली. शिवाय प्रकार बाळाचा नसतो, नात्याचा असतो. तेच बाळ बाबांपाशी एक आणि आजीपाशी दुसरं असू शकतं. पाळणाघरातल्या ताईंचा लळाही खराच असतो, त्याने आईचा वाटा कमी होत नाही.

ताईंचं एक निरीक्षण मला मोलाचं वाटतं. सहा महिन्यांचं बाळ इथे सहज रुळतं. आठव्या-नवव्या महिन्यात ते माणूस ओळखायला लागतं आणि दाराशी आकांत सुरू होतो. आईबाबांना वाटतं पाळणाघरात काहीतरी बिनसलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे मिळते, म्हणजे अनेक आया कामावर रुजू होतात आणि दोन-तीन महिन्यांत हा आकांत समोर येतो. काही बिनसलंय का, याची चौकशी जरूर करावी. पण वाढीचा हा टप्पा बहुतेक बाळांना येतोच, आणि तो लळा जडल्याची खूण आहे.

पाळणाघर शोधत असाल तर भिंतींवरची चित्रं नंतर बघा. आधी विचारा, एका ताईकडे किती बाळं आहेत, आणि आज असलेली ताई सहा महिन्यांनीही असेल का. तासभर बसून बघा, रडणाऱ्या बाळाकडे कुणी वळतं का. आणि सकाळी बाळाचं लक्ष नसताना हळूच निसटू नका. ते रडलं तरी चालेल. सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळेला परत या.